गन निघेना!

परवा आत्तेबहिणीच्या साखरपुड्याला पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. कराडच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात आमची इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावली, आत मिसळ हाणली. ८० टक्के झाल्यावर बाहेर येऊन बघते तर गन, म्हणजे चार्जरच्या केबलचं गाडीत खोचायचं टोक, निघेना. चार्जरच्या स्क्रीनवर 'चार्जिंग पूर्ण', पैसे कापल्याचा मेसेजही आलेला, पण गन गाडीला घट्ट चिकटून.

मग काय, पाच मिनिटांत दहा तज्ज्ञ जमले. "ताई, एक हिसका द्या की!" एकाने दिलाही. हॉटेलच्या पोराने खोबरेल तेलाची बाटली आणली, ती हात जोडून परत पाठवली. हेल्पलाइनला फोन केला तर गाडीवाले म्हणतात चार्जरवाल्यांना विचारा आणि चार्जरवाले म्हणतात गाडीवाल्यांना. आमचे अहो चार्जरवरचं लाल बटण दाबायला निघाले होते, त्यांना कसंबसं आवरलं. ते आणीबाणीचं बटण चार्जरचा पुरवठा तोडतं, गन अडकवणारं कुलूप असतं गाडीत. शिवाय चार्जर पुन्हा सुरू होईपर्यंत रांगेतल्या दोन गाड्यांनी आमचा उद्धार केला असता तो वेगळाच.

सुटका केली एका टॅक्सीवाल्या दादांनी. त्यांचीही गाडी इलेक्ट्रिकच. आले, ती जाडजूड केबल खांद्यावर घेतली, तळहाताने गन आत दाबून धरली आणि म्हणाले, "आता चावीवरनं लॉक-अनलॉक करा. परत एकदा करा." दुसऱ्या वेळी आतून 'टक्' असा बारीक आवाज आला आणि गन अलगद हातात!

आपल्याकडच्या बहुतेक इलेक्ट्रिक कारना चार्जिंगसाठी सीसीएस-टू नावाचं सॉकेट असतं. त्यात एक छोटी मोटर पिन सरकवून गन अडकवून ठेवते. हे हवंच. शेकडो व्होल्टचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, प्रवाह चालू असताना कोणी गन उपसली तर ठिणगीचा लोळ उठेल. घरातला एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा, प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे तिथली ठिणगी लवकर विझते. डीसीला तसा दम खायचा क्षणच नसतो. घोटाळा होतो तो केबलच्या वजनाने. गन खाली ओढली जाते, पिनवर ताण येतो आणि त्या इवल्याशा मोटरला पिन मागे घेता येत नाही. आपण हिसके देतो तेव्हा ती पिन आणखीच आवळतो. म्हणून आधी चार्जिंग खरंच थांबलंय ना ते बघायचं, मग गाडी अनलॉक, मग गन ओढायच्या ऐवजी आत दाबायची.

आणि गाडीची १२ व्होल्टची छोटी बॅटरीच (गाडी चालवणारी मोठी वेगळी) बसली असेल तर? मग ती मोटर फिरणारच नाही. त्यासाठी बऱ्याच गाड्यांत हाताने ओढायची एक दोरी असते. आमच्या गाडीत ती डिकीच्या बाजूच्या पॅनेलमागे निघाली, काहींत बॉनेटखाली असते. मला हे घरी येऊन मॅन्युअल चाळल्यावर कळलं.

माझा राग आहे तो इथे. डिलिव्हरीच्या दिवशी शोरूममध्ये केक कापला, नारळ फोडला, थर्माकोलची भलीमोठी चावी हातात देऊन फोटो काढले. आतल्या दिव्यांचे रंग कसे बदलायचे ते वीस मिनिटं शिकवलं. ती दोरी दाखवायला दोन मिनिटं लागली असती! नवी गाडी घेणार असाल तर पेढा तोंडात टाकायच्या आधी सेल्समनला डिकीपाशी न्या आणि दोरी दाखवायला लावा. त्यालाही माहीत नसेल, पैज लावते.

आम्ही पोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या. आत्याने दारातच विचारलं, "काय गं, पंक्चर का?"

हो म्हटलं.