क्लाउड शिकायचंय? मग सर्व्हिसची नावं जरा बाजूला ठेवा

क्लाउड शिकवणारे व्हिडिओ बघितले की मला एक कळत नाही, पहिल्या दहा मिनिटांतच ईसीटू, एसथ्री, लॅम्ब्डा, कुबरनेटिस अशी नावांची सरबत्ती कशाला? बघणाऱ्याला आपला फोटो फोनमध्ये आहे की दुसरीकडे कुठे याचाच पत्ता नसतो आणि इकडे मास्तर लोड बॅलन्सरचं चित्र काढून मोकळे. मग नवीन माणूस बावचळतो आणि सरळ सर्टिफिकेटचे प्रश्न पाठ करत बसतो.

माझं म्हणणं, सुरुवातीला दोनच प्रश्न धरून बसा. हे मशीन नक्की कोणाच्या ताब्यात आहे? आणि बिघडलं तर निस्तरायचं कोणी?

क्लाउड म्हणजे शेवटी मोठमोठ्या इमारती, आत रॅकमध्ये एकावर एक रचलेले सर्व्हर, ते गार ठेवायची यंत्रणा, जनरेटर आणि केबलचं जंजाळ. त्या सर्व्हरवर हायपरव्हायजर नावाचं सॉफ्टवेअर असतं, ते एकाच मशीनचा प्रोसेसर आणि रॅम अनेकांना वाटून देतं आणि तुमच्या वाट्याला जे येतं ते व्हर्च्युअल मशीन. तुम्ही ब्राउझरमध्ये लिनक्स, दोन कोअर, चार जीबी रॅम असं निवडून बटण दाबता आणि बहुतेक वेळा चहा गार व्हायच्या आत मशीनचा नेटवरचा पत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस हातात. लॉगिन केलं की वाटतं अख्खा कॉम्प्युटर आपलाच, पण त्याच हार्डवेअरवर शेजारी अजून कोणाकोणाची मशीन चालू असतात, ती तुम्हाला दिसत नाहीत आणि दिसू नयेत हेच हायपरव्हायजरचं काम.

तसं बघितलं तर कल्पना जुनीच, 1960 च्या दशकात मेनफ्रेम नावाच्या अवाढव्य कॉम्प्युटरवर टाइम शेअरिंग, म्हणजे एकच मशीन अनेकांनी वाटून वापरणं, चालायचंच की. 2006 मध्ये अ‍ॅमेझॉनने आधी स्टोरेज आणि मग मशीन भाड्याने द्यायला सुरुवात केली, तेव्हा फरक हा पडला की क्रेडिट कार्ड असलेला कोणीही उठून तासाच्या हिशोबाने सर्व्हर घेऊ शकत होता. करार नको, सर्व्हरची ऑर्डर देऊन आठवडे वाट बघणं नको.

आता आयास, पास, सास हे तीन शब्द सगळीकडे येतात. पाठ करू नका, निस्तरायचं कोणी एवढंच विचारा. नुसतं व्हर्च्युअल मशीन घेतलंत (हे आयास) तर ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट, फायरवॉल, पासवर्ड सगळं तुमच्या गळ्यात. फक्त कोड देऊन बाकी क्लाउड कंपनीवर सोडलंत (हे पास) तर अपडेट त्यांनी बघायचे. जीमेलसारखं तयार काही वापरत असाल (हे सास) तर बहुतेक सगळं त्यांच्याकडे. पण डेटा कोणाला दिसावा हे तिन्ही ठिकाणी तुम्हीच ठरवता, स्टोरेज सगळ्या जगाला उघडं ठेवलंत तर कंपनी काय करणार?

'क्लाउडवर आहे म्हणजे सेफ आहे' हे वाक्य तर मला ऐकवत नाही. 10 मार्च 2021 ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएचक्लाउड या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक इमारत पूर्ण जळाली आणि बऱ्याच जणांचा डेटा कायमचा गेला. काहींनी बॅकअप घेतलाच नव्हता, काहींचा होता पण त्याच जागेवर! रीजन (म्हणजे वेगळा भूभाग) आणि झोन (त्याच भागातलं वेगळं डेटा सेंटर) ही भानगड यासाठीच असते हो, कॉपी दुसऱ्या गावात असली तर आग तिथवर पोचत नाही. पण ती कॉपी बऱ्याचदा आपण मागितल्याशिवाय होत नाही आणि तिचे पैसे वेगळे.

फोटोंचंही तेच. फोन भरला म्हणून गूगल फोटोज उघडून लोक धडाधड डिलीट मारतात, वर तर आहेतच या भरवशावर. पण त्या अ‍ॅपमधून बॅकअप झालेला फोटो डिलीट केला की तो वरूनही जातो, 60 दिवस ट्रॅशमध्ये आणि मग कायमचा. फोनवरची जागाच मोकळी करायची असेल तर त्याचं बटण वेगळं आहे. सिंक म्हणजे इकडे केलं ते तिकडेही होणार, बॅकअप म्हणजे वेगळी ठेवलेली कॉपी, हा फरक खरं तर पहिल्याच दिवशी सांगायला हवा, पण सांगतं कोण!

आणि बिल. मशीन स्टॉप केलं म्हणजे मीटर थांबला असं नवीन पोरांना वाटतं. मशीनचा मीटर थांबतो, पण त्याला जोडलेली डिस्क तशीच जागा अडवून असते आणि तिचं भाडं चालू राहतं. राखून ठेवलेल्या आयपीचंही तसंच. डेटा आत टाकताना सहसा फुकट, बाहेर काढताना पैसे, हे तर मुद्दाम केल्यासारखं वाटतं मला.

म्हणून फ्री अकाउंट उघडलं की कुठलीही सर्व्हिस चालू करायच्या आधी बिलिंगच्या पानावर जाऊन बजेट अलर्ट लावा. आणि हो, तो अलर्ट सहसा फक्त मेल पाठवतो, मशीन आपोआप बंद करत नाही, ते तुम्हालाच जाऊन डिलीट करावं लागतं, डिस्कसकट.