चाकरमान्यालाही हाकलणार का?

सध्या कोकणातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. परदेशी सिनेमांत सर्फिंग करणारी गावची पोरं बाहेरच्याला हाणून लाटेवरून हाकलतात. किनारा मर्दांनीच राखायचा असतो. हवाईवाल्यांनी तसाच राखला. मालवण-तारकर्लीच्या पोरांनीही तेच शिकावं, असा त्याचा सूर.

आधी सिनेमा. ‘इथे राहत नाहीस, तर इथे सर्फिंग नाही’ ही टोळीची धमकी निकोलस केजच्या ‘द सर्फर’मधली (२०२४). पण मार खाणारा माणूस कोण? त्याच ऑस्ट्रेलियन किनाऱ्यावर वाढलेला, नंतर दूर गेलेला, आता लहानपणीचं घर परत विकत घ्यायला आलेला. म्हणजे आपला चाकरमानीच की! हा नियम इथे लावला तर डोंबिवलीत बसून हा मेसेज पुढे ढकलणारे निम्मे लोक गणपतीला समुद्राकडे फिरकायचे नाहीत. शिवाय टोळीचा म्होरक्या हा मर्दानगीचे धडे देणारा बुवा आहे. सिनेमा त्याची आरती ओवाळत नाही, साल काढतो.

खऱ्या आयुष्यातही हे राखणदार गरीब दर्यावर्दी नसतात. कॅलिफोर्नियातल्या लुनाडा बेवर ‘बे बॉइज’नी वर्षानुवर्षं बाहेरच्यांवर दगड भिरकावले, गाड्यांचे टायर फाडले. ती वस्ती गर्भश्रीमंतांची, आणि भरतीरेषेखालचा किनारा तिथे कायद्यानेच सगळ्यांचा. त्यांचा दगडी अड्डा शेवटी २०१६ साली पाडला गेला.

हवाईची गोष्ट वेगळी, हे मान्य. १८९३ मध्ये तिथल्या राणीची सत्ता उलथवली, १८९८ मध्ये अमेरिकेने बेटं घशात घातली. त्या रागाला इतिहास आहे. पण लाटेवर स्वार होणं तिथे पुरुषांपुरतं कधीच नव्हतं, मिशनरी येण्याआधीपासून बायकाही लाटांवर असत. (आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. त्यांना कोण सांगणार, किनारा मर्दांचा म्हणून?)

राहता राहिलं कोकण. सर्फिंगमध्ये एका लाटेवर एकच जण हा शिष्टाचार, म्हणून तिथे भांडण जुंपतं. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीला, याच्या उलट खूप माणसं लागतात. होडीने अर्धगोल जाळं टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर धरून दोन रांगांनी किनाऱ्याकडे ओढायचं, मग वाटे पाडायचे. हद्दी इथेही असतात, वादही होतात. पण रापण संघ आपसात बसून ठरवतात, आणि दोराला हात लावणाऱ्या पाहुण्याला कुणी गाव विचारत नाही.

मच्छीमाराचं ताट खरं ओढलं ते पर्ससीनवाल्यांनी (मोठ्या जाळ्याने माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या यांत्रिक बोटी) आणि एलईडीवाल्यांनी (रात्री प्रखर दिव्यांनी मासे खेचणाऱ्या बोटी). त्यांच्याविरुद्ध लोक मोर्चे काढत, निवेदनं देत राहिले, तेव्हा कुठे २०१६ मध्ये पर्ससीनवर राज्याचे निर्बंध आले आणि २०२१ मध्ये १९८१च्या मासेमारी कायद्यातला दंड वाढला. अंमलबजावणीची बोंब आजही आहेच. रात्री दिवे पेटवून घुसणाऱ्या बोटीला फळीवरचा पोरगा ठोसा कुठून मारणार, तेवढं मात्र फॉरवर्डमध्ये लिहायचं राहून गेलंय.