स्वतःचेच पिक परत विकत घेणारा संघ

जूनच्या शेवटच्या आठवड्यात न्यूयॉर्कला रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, तेव्हा सुरू होतो. ज्यांचा संघ ओक्लाहोमा सिटी किंवा सॅन अँटोनियो आहे त्यांनी खुशाल अलार्म लावावा. फिनिक्स सन्सच्या चाहत्याने कशाला उठायचं? आपल्या फर्स्ट राउंड पिकवर, म्हणजे पहिल्या फेरीतल्या निवडीच्या हक्कावर, भलत्याच संघाचं नाव पुकारलेलं ऐकायला?

२०२५चा दहावा पिकच घ्या. तो मुळात सन्सचा. फेब्रुवारी २०२३मध्ये स्टार खेळाडू केव्हिन ड्युरँटसाठी तो ब्रुकलिनला दिला. ब्रुकलिनने २०२४मध्ये तो ह्यूस्टनकडे वळवला. मग जून २०२५मध्ये सन्सने ड्युरँटच ह्यूस्टनला दिला, आणि बदल्यात जे पदरात पडलं त्यात काय होतं? जेलन ग्रीन, डिलन ब्रूक्स, पाच सेकंड राउंड पिक आणि... तोच दहावा पिक! ज्या माणसासाठी दागिना गहाण टाकला, तोच माणूस विकून दागिना सोडवला. व्याजात गेले मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन आणि २०२३, २०२७, २०२९चे पिक. त्यातल्या एकट्या ब्रिजेससाठी ब्रुकलिनने पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क निक्सकडून पाच फर्स्ट राउंड पिक वसूल केले. विकायला गेलं की त्याच खेळाडूचा भाव आपल्यापेक्षा ब्रुकलिनला कसा जास्त मिळतो, हे एकदा कोणीतरी समजावून सांगा.

ड्युरँटचा सौदा एकवेळ सोडून देऊ. असा खेळाडू बाजारात रोज येत नाही, आणि नवा मालक मॅट इश्बिया संघाचा ताबा घेतल्याच्या त्याच आठवड्यात मोठा डाव टाकणार हे उघड होतं. डोकं फिरतं ते त्यानंतरच्या प्रकाराने.

एनबीएमध्ये स्टेपियन नियम आहे. लागोपाठ दोन वर्षांचे पुढचे फर्स्ट राउंड पिक विकता येत नाहीत. म्हणून संघ एक वर्ष आड विकतात: २०२५, २०२७, २०२९. मधल्या वर्षांचं काय? तिथे 'स्वॅप' द्यायचा, म्हणजे दोघांपैकी ज्याचा पिक वरचा असेल तो समोरच्याने घ्यायचा. कागदावर तुमच्याकडे पिक राहतो, त्यामुळे नियम मोडत नाही. प्रत्यक्षात चांगला पिक कधीच तुमच्याकडे राहत नाही. जून २०२३मध्ये ब्रॅडली बील आणताना सन्सने वॉशिंग्टनला पॉइंट गार्ड ख्रिस पॉल, लँड्री शॅमेट आणि सेकंड राउंडचा ढीग तर दिलाच, वर २०२४, २०२६, २०२८, २०३०चे स्वॅपही देऊन टाकले. विषम वर्षं ड्युरँटमध्ये गेली, सम वर्षं बीलमध्ये. जानेवारी २०२५मध्ये २०३१चा पिक युटाला दिला आणि त्याबदल्यात इतर संघांचे तीन फर्स्ट राउंड पिक घेतले, तेही प्रत्येक वेळी त्या गटातला सर्वांत खालचा. एक शंभराची नोट देऊन तीन दहाच्या घ्यायच्या आणि म्हणायचं, बघा, नोटा वाढल्या.

इंग्रजीतला पिक आणि आपलं पीक यांत एका वेलांटीचा फरक आहे, पण पेरणीच्या आधीच शेत विकण्याचा हा प्रकार कुठल्याही शेतकऱ्याला लगेच कळेल.

आता बील. २०२२मध्ये वॉशिंग्टनने त्याच्याशी पाच वर्षांचा २५१ मिलियन डॉलरचा करार केला आणि त्यात नो-ट्रेड क्लॉज टाकला. हे कलम खेळाडूबरोबर नव्या संघात येतं. म्हणजे बीलच्या परवानगीशिवाय त्याला कुठेही पाठवता येणार नाही, हे सन्सला सही करतानाच ठाऊक होतं. सन्सकडे आलेल्या चार वर्षांचा पगार ४६.७, मग ५०.२, मग ५३.७, शेवटी ५७.१ मिलियन. याउलट ख्रिस पॉलच्या २०२३-२४च्या ३०.८ मिलियनपैकी फक्त १५.८ मिलियनची हमी होती. त्याला सोडून अर्धा पगार मोकळा करता आला असता. किंवा त्याच कराराच्या जोरावर दोन मधल्या दर्जाचे खेळाडू आणता आले असते. आपण काय केलं? तिसरा शूटिंग स्कोअरर आणला आणि पॉइंट गार्डशिवाय अख्खा हंगाम काढला. डेव्हिन बुकरने चेंडू वर आणायचा, त्यानेच खेळ लावायचा, त्यानेच शॉट मारायचा. ४९ विजय मिळाले, पण पहिल्याच फेरीत मिनेसोटाने ४-०ने घरी पाठवलं.

'सेकंड एप्रन' हा शब्द टीव्हीवर सगळे ऐकतात, पण त्याचा फास कसा बसतो ते फार थोडे सांगतात. संघाच्या एकूण पगारावर लीगने आखलेली ही सर्वांत वरची रेषा. २०२४-२५मध्ये ती १८८.९ मिलियनवर होती. ती ओलांडली की दोन खेळाडूंचे पगार जोडून एक मोठा पगार आणता येत नाही. जितका पगार पाठवाल त्याहून एक डॉलरही जास्त परत घेता येत नाही. मिड-लेव्हल एक्सेप्शन, म्हणजे मधल्या पगारावर नवा खेळाडू घेण्याची सवलत, बंद. ट्रेडमध्ये रोख रक्कम देणं बंद. सात वर्षांनंतरचा फर्स्ट राउंड पिक गोठतो, म्हणजे विकता येत नाही. सन्सच्या बाबतीत २०३२चा, म्हणजे ज्याच्यावर अजून कोणाचा हक्क चढलेला नव्हता असा एकमेव पिक! आणि ज्यांना 'चार मिनिमम काँट्रॅक्टचे खेळाडू जोडा आणि एक स्टार आणा' असं रोज सुचतं त्यांनी हे जरा भिंतीवर चिकटवावं. जोडता येत नाही. नाही म्हणजे नाही.

याच फासामुळे फेब्रुवारी २०२५मध्ये युसुफ नुर्किचला फक्त दूर करण्यासाठी शार्लटला २०२६चा एक फर्स्ट राउंड पिक द्यावा लागला. बदल्यात कोडी मार्टिन आणि वासा मिसिच. काही आठवडे आधी जॉश ओकोगी आणि तीन सेकंड राउंड देऊन निक रिचर्ड्स आणला होता. ओकोगीला २०२४मध्ये दोन वर्षांचे १६ मिलियन दिले, ते कशासाठी असं तेव्हा अनेकांनी विचारलं. उत्तर हेच: जोडता येत नसेल तर एकट्याचाच पगार समोरच्याच्या पगाराइतका असावा लागतो, म्हणून खेळाडूला मुद्दाम महाग करून ठेवायचं. ही युक्ती वाईट नाही. पण दर वेळी तिच्यासोबत पिक चिकटवून द्यावे लागत असतील तर युक्ती कसली, भुर्दंडच तो.

आता ज्या गोष्टीने खरंच डोक्यात तिडीक जाते तिच्याकडे येतो. नासिर लिटल. हे नाव आठवतंय का? सप्टेंबर २०२३मध्ये डिआंड्रे एटन देऊन नुर्किच आणि ग्रेसन अॅलन आणले, त्या पोत्यात हाही आला. २०२४च्या उन्हाळ्यात त्याला सोडलं तेव्हा तीन वर्षांचे २१.७५ मिलियन बाकी होते. स्ट्रेचचा, म्हणजे सोडलेल्या खेळाडूचा बाकी पगार लांबवण्याचा, नियम असा: उरलेल्या वर्षांची दुप्पट अधिक एक, इतक्या वर्षांत रक्कम विभागायची. तीनची सात वर्षं. दर वर्षी ३.१ मिलियन, २०३०-३१पर्यंत. ई. जे. लिडेललाही तसंच, तीन वर्षं, दर वर्षी सुमारे ०.७ मिलियन. त्या उन्हाळ्यात हे शहाणपणाचं वाटलं, कारण संघ लक्झरी टॅक्सच्या (जास्त पगार वाटणाऱ्या संघाला बसणाऱ्या दंडाच्या) रेषेवर चाळीस मिलियनहून जास्त चढला होता आणि त्या उंचीवर पगाराच्या प्रत्येक डॉलरमागे पाच डॉलरच्या वर टॅक्स बसतो. लिटलचा आकडा ६.७५वरून ३.१वर आला की बचत मोठी.

पण स्ट्रेचला आणखी एक अट आहे, आणि ती नियमपुस्तकात ठळक लिहिलेली आहे. सोडलेल्या खेळाडूंचा हा मेलेला पगार कुठल्याही वर्षी सॅलरी कॅपच्या (लीगने ठरवलेल्या पगाराच्या मूळ मर्यादेच्या) १५ टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नये. २०२५-२६चा कॅप १५४.६ मिलियन, त्याचे १५ टक्के म्हणजे सुमारे २३.२. आता पेन घ्या. बीलचे दोन वर्षांचे ११०.८ मिलियन बाकी, पाच वर्षांत विभागले तर दर वर्षी २२.२. मर्यादेत बसतात! एकही डॉलर न सोडता बसतात! पण लिटलचे ३.१ आणि लिडेलचे ०.७ आधीच मांडी घालून बसलेले, त्यामुळे बीलसाठी जागा उरली १९.४. म्हणून जुलै २०२५मध्ये बीलने आधी १३.९ मिलियनवर पाणी सोडावं यासाठी वाटाघाटी कराव्या लागल्या. नो-ट्रेड क्लॉज हातात असलेल्या माणसाने जर 'मी काही सोडत नाही' म्हटलं असतं, तर? संघ टॅक्सच्या खड्ड्यात अडकला असता, तेही तीन मिलियनच्या एका जुन्या सहीमुळे. बील बरा निघाला म्हणून निभावलं. तो क्लिपर्सकडे दोन वर्षांच्या ११ मिलियनवर गेला. आपण त्याला २०२९-३०पर्यंत दर वर्षी १९.४ मिलियन देत राहणार. तो तेव्हा सदतिशीत जाईल.

हे जे एका वर्षाचा टॅक्स वाचवायला सात वर्षांचा हप्ता बांधून घेणं आहे ना, यालाच मी हिशेब न येणं म्हणतो. पैसा कमी नव्हता. २०२४-२५ हंगामाचा टॅक्सच दीडशे मिलियनच्या आसपास गेला, आणि हाती काय लागलं? ३६ विजय, ४६ पराभव, प्ले-ऑफच्या आधीची पात्रता फेरी असलेला प्ले-इनसुद्धा नाही.

इतका महागडा संघ असताना स्वस्त खेळाडू ड्राफ्टमधूनच येतात. कसे, तेही ऐका, कारण हे मुद्दाम कोणी सांगत नाही. ड्राफ्ट न झालेला नवखा खेळाडू मिनिममवर आणला तर टॅक्सच्या हिशेबात त्याचा पगार दोन वर्षांच्या अनुभवी खेळाडूइतका धरतात. २०२४-२५मध्ये खरा पगार १.१६ मिलियन, पण टॅक्ससाठी २.०९. तोच खेळाडू तुम्ही स्वतः ड्राफ्ट केला असेल तर खरा पगारच धरतात. ०.९३ मिलियनचा फरक, गुणिले पाच. एका सेकंड राउंड पिकमध्ये साडेचार-पाच मिलियनची बचत! आणि हे पिक आपण निरोपाच्या पानसुपारीसारखे वाटत सुटलो. दर सौद्यात दोन-तीन.

यात सर्वांत चीड आणणारी गोष्ट अशी की यांना ड्राफ्ट करता येतो. २०२४मध्ये २२वा पिक डेन्व्हरला देऊन २८वर उतरले, ५६वा आणि दोन सेकंड राउंड मिळवले, २८व्यावर रायन डन घेतला, आणि ५६वा पुढे करून ४०व्या क्रमांकावरचा ओसो इगोडारो उचलला. डनचा शॉट अजून कच्चा आहे, पण समोरच्या संघाच्या सर्वांत धोकादायक खेळाडूला तो पहिल्या वर्षापासून धरत होता, साधारण अडीच मिलियनमध्ये. इगोडारो पिक-अँड-रोल या दोन खेळाडूंच्या चालीमध्ये फ्री थ्रो रेषेजवळ चेंडू घेऊन पुढचा पास देतो, जे नुर्किचला १८ मिलियनमध्ये जमत नव्हतं. नजर आहे, माणसं आहेत. फक्त त्यांच्या हातात पिक ठेवायचे नाहीत!

२०२५ला पुन्हा तेच. दहाव्यावर सेंटर खमान मलुआच. चांगला, उंच, अजून शिकायचं बाकी. त्याच रात्री युटाच्या सौद्यात मिळालेले २९वा पिक आणि २०२९चा एक फर्स्ट राउंड देऊन शार्लटकडून मार्क विल्यम्स आणला. तोही सेंटर. रिचर्ड्स आधीच होता, इगोडारोही. चार सेंटर, आणि पॉइंट गार्ड? परत बुकरच. विल्यम्स खेळतो उत्तम, पण त्याच वर्षी फेब्रुवारीत लेकर्सने त्याचा सौदा वैद्यकीय तपासणीवरून रद्द केला होता, आणि त्याच्या रूकी, म्हणजे नवख्याच्या पहिल्या, कराराचं एकच वर्ष उरलेलं. दोन फर्स्ट राउंड पिकांत एका वर्षाचा हक्क, मग २०२६च्या उन्हाळ्यात रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट, म्हणजे बाजारात कोणीतरी भरमसाट ऑफर देणार आणि आपण ती जुळवत बसणार. जुळवली नाही तर दोन पिक पाण्यात. जुळवली तर बीलच्या १९.४वर आणखी ओझं, बुकरच्या २०२९-३०पर्यंतच्या वाढीव कराराशेजारी.

संघ २०२५-२६च्या सुरुवातीला अपेक्षेपेक्षा बरा खेळला, ब्रूक्स तर जीव तोडून. चार हंगामांतला चौथा प्रशिक्षक जॉर्डन ऑट, त्यानेही काम चोख केलं. म्हणून लगेच 'बघा, प्लॅन जमला' म्हणणाऱ्यांनी थोडं थांबावं. आणि हरायला लागलो की 'टँक करा', म्हणजे मुद्दाम हरून वरचा पिक मिळवा, म्हणणाऱ्यांनीही. टँक कोणासाठी करायचा? २०२७चा पिक ह्यूस्टनचा, २०३१चा युटाचा, मधल्या वर्षांचे स्वॅप दुसऱ्यांचे. आपण जितके हरू तितका दुसऱ्याचा फायदा. २०३२चा पिक ज्या पोरावर खर्च होईल तो पोर आज शाळेत सहावी-सातवीत असेल. सेकंड एप्रनच्या खाली राहून तो गोठलेला पिक सोडवला, तर पुढच्या ट्रेड डेडलाइनला तो कोणाच्या तरी ३२ वर्षांच्या खेळाडूसाठी टेबलावर पडलेला दिसेल, यावर पैज लावायला मी तयार आहे.