‘थकवा आला की पडून राहा’ : त्या फॉरवर्डला उत्तर

गोव्यातल्या फॅमिली ग्रुपांवर चवथीच्या आधीपासून एक मेसेज फिरतोय. सार असं: आमवात, ल्युपस (त्वचा, सांधे आणि इतर अवयवांना त्रास देणारा आजार) यांसारख्या ऑटोइम्यून आजारांत प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलेली असते, व्यायामाने ती आणखी चवताळते आणि सांधे झिजतात, थकवा ही शरीराची सूचना आहे, पडून राहा, घरकाम करता तेवढा व्यायाम पुरे. खाली कुणा ‘सुप्रसिद्ध डॉक्टरां’चा हवाला, नाव अर्थातच नाही.

प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, हे पहिलं म्हणणं बरोबर आहे. गडबड त्यानंतर सुरू होते.

सांधे झिजण्याची भीती एकेकाळी डॉक्टरांनाही होती. म्हणूनच नेदरलँड्समध्ये आमवाताच्या सुमारे 300 रुग्णांवर दोन वर्षं अभ्यास झाला, त्यातल्या निम्म्यांना चांगला दमवणारा व्यायाम दिला. 2003 साली निकाल आला: कामाची क्षमता वाढली, रोग भडकला नाही, मोठ्या सांध्यांचं नुकसानही सरसकट वाढलं नाही. ज्यांचे मोठे सांधे आधीच बरेच खराब आहेत त्यांनी जपून, एवढी सूचना त्या संशोधकांनी दिली होती.

‘थकवा ही सूचना’ हे वाक्य पटकन पटतं, म्हणूनच जास्त घातक. कष्टाचा थकवा झोपेने उतरतो. हा थकवा झोपून उठल्यावरही अंगावर तसाच असतो. त्यामागे शरीरातला दाह असतो, दुखण्याने मोडलेली झोप असते, कधी पंडुरोग किंवा थायरॉईड, कधी खचलेलं मन. त्यात पडून राहिलं की स्नायू गळतात, चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते, आणि माणूस पुन्हा खाट धरतो. ब्रिटनमध्ये अशा दाहक संधिरोगांच्या 367 रुग्णांवर झालेली चाचणी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. फोनवरून ज्यांना आपापल्या कुवतीप्रमाणे व्यायाम आखून दिला, त्यांचा थकवा फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी झाला आणि वर्षभराने मोजला तरी तो फरक टिकून होता. थकवा कमी झाला म्हणतोय, गेला म्हणत नाही. औषधं चालूच ठेवायची.

आता घरकाम. हे लिहिणाऱ्याने चवथीचं स्वयंपाकघर आतून पाहिलेलं नसावं. सुजलेल्या बोटांनी नारळ खवायचे, मांडी घालून तासन्‌तास नेवऱ्या करायच्या, खतखत्याच्या भाज्या चिरायच्या. भार सगळा मनगटांवर आणि त्याच चार बोटांवर. मांड्यांना, हृदयाला त्यातून फारसं काही मिळत नाही. विसर्जन झालं की ती बाई अंथरुणात, आणि घरचे म्हणतात, “बघ, काम झेपत नाही तुला.” झेपत नाही ते एका दमात केलेलं काम. ते वाटून घ्या, मध्ये टेका, आणि चालणं वेगळं ठेवा: सुरुवातीला दहा मिनिटं, बोलता येईल इतक्या वेगाने. दोन तासांनंतरही सांधा आधीपेक्षा जास्त दुखत असेल तर जास्त झालं, पुढच्या वेळी कमी करा. बंद करू नका.

ल्युपस असेल तर ऊन टाळायचं, त्यामुळे पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरच्या वाळूवर जायचं तर सूर्य वर यायच्या आत. पावसाळ्यात फोंडा भागातल्या बायकांना देवळाचे सभामंडप आहेतच. फेऱ्या मारा, कुणी हटकत नाही.

मेसेजच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. क्रॉनिक फटिग सिंड्रोम नावाचा वेगळा आजार आहे, ज्यात थोड्या श्रमानेही पुढचे काही दिवस तब्येत ढासळते. त्यात ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याची पद्धत ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने 2021 मध्ये नाकारली. तिथला सल्ला आमवाताला चिकटवला की असले फॉरवर्ड तयार होतात. थोड्या श्रमाने तुमचीही तब्येत अशीच काही दिवस ढासळत असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

आणि सांधा गरम होऊन सुजला असेल तर त्या दिवशी त्याला फक्त हलकं हलवा. ताप, छातीत दुखणं, बसल्या जागी धाप असेल तर चालायला न जाता दवाखाना गाठा.