निधी आला की वास्तू वाचली?

‘निधी मंजूर झाला की वास्तू वाचली,’ हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या चर्चना मिळणाऱ्या दुरुस्ती-निधीवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. तिथल्या मेम्फिस शहरातलं क्लेबॉर्न टेंपल हे चर्च घ्या. १९६८ च्या कृष्णवर्णीय सफाई कामगारांच्या संपाचा हा तळ. ‘मी माणूस आहे’ असे फलक घेऊन मोर्चे निघायचे ते इथूनच. पुढे ही इमारत कित्येक वर्षं बंद पडून होती. मग लोकांनी जीव लावून पैसा उभा केला, डागडुजी सुरू झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये आगीत छप्पर कोसळलं. नंतरच्या तपासात ती आग लावलेली निघाली. राखण, विमा, रात्रीचा पहारा यांचा खर्च कोण धरतं?

नोकरीनिमित्त मी तिकडे चार वर्षं होतो. शेजारच्या आजींच्या चर्चचा अनुदानाचा अर्ज भरायला एका शनिवारी बसलो होतो. पियानोच्या बाजूला गळतीखाली बादली, सभासद जेमतेम वीस, त्यातले बहुतेक सत्तरीपुढचे. अर्जासोबत इमारतीचा तांत्रिक अहवाल हवा होता आणि तो करून घ्यायलाच पैसे नव्हते! जुन्या वास्तू जपणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल ट्रस्टने लिली एंडोमेंट या देणगीदार संस्थेच्या २ कोटी डॉलरवर २०२२ मध्ये सुरू केलेल्या योजनेत बांधकामाबरोबरच नियोजन आणि कायम ठेवीसाठीही मदत आहे, ती यासाठीच. लेखात नेमकं तेच राहून गेलं. फोटो मात्र सगळे नव्याने रंगवलेल्या वास्तूंचे.