जिम रीव्ह्ज का नाही? वसईच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी परत वाचली, आणि दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं वाटेना, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बाकीच्यांना संदर्भ लागेल म्हणून आधी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी जुन्या वळणाच्या अमेरिकन कंट्री, म्हणजे तिकडच्या गावाकडच्या संगीतातल्या, गायकांची यादी दिली होती, कार्टर फॅमिली, जिमी रॉजर्स, डॉक बॉग्ज, रॉस्को होलकम, हँक विल्यम्स वगैरे, आणि त्यांची रेकॉर्डिंग्ज कुठे मिळतील तेही लिहिलं होतं. काकांचं म्हणणं असं की यादीत जिम रीव्ह्ज नाही म्हणजे यादीच चुकली, त्यांचे वडील दर नाताळात त्याच्या रेकॉर्ड लावायचे. शिवाय मी सांगितलेले लोक घसा बसल्यासारखे गातात, आणि रेकॉर्डिंगच्या तारखा, नंबर, महागडे बॉक्स सेट हे सगळं कशाला, नातवाने फोनवर एका मिनिटात जिम रीव्ह्ज आणि गायिका पॅट्सी क्लाइनचं दोघांनी मिळून गायलेलं गाणं काढून दिलं, ते ऐकून डोळ्यांत पाणी आलं. आणि शेवटी, ठाण्यात बसून अमेरिकेतलं ट्रॅडिशनल काय ते तुम्ही कोण ठरवणार.

पहिला मुद्दा मला मान्य आहे, अगदी मनापासून. वसई, वांद्रे, गोवा, या पट्ट्यातल्या कितीतरी ख्रिश्चन घरांत कंट्री म्हणजे जिम रीव्ह्जच, त्याची १९६३ सालची नाताळच्या गाण्यांची एलपी तर घरातलीच वस्तू झालेली. मी स्वतः हे संगीत पहिल्यांदा ऐकलं ते कॉलेजात, वसईच्याच एका मित्राच्या घरी आणि तेही जिम रीव्ह्जच. मराठी वाचकासाठी लिहायचं आणि जिथून आपण आत शिरलो तो दरवाजाच सांगायचा नाही, हे माझं चुकलं.

पण मी त्याला का वगळलं तेही ऐका. टेक्सासमधला हा माणूस सुरुवातीला चांगला मोकळ्या, खड्या आवाजात गायचा, १९५३ ची त्याची गाणी ऐका, मागे फिडल, म्हणजे गावाकडच्या ढंगाने वाजवलेलं व्हायोलिन आहे, स्टील गिटार आहे, सगळा गावाकडचा बाज. मग १९५७ च्या सुमारास रेकॉर्ड निर्माता चेट अ‍ॅटकिन्सच्या हाताखाली तो माइकच्या अगदी जवळ जाऊन, हळू, कानात सांगितल्यासारखं गायला लागला, फिडल गेलं, मागे कोरस आला, पियानो आला, पुढे व्हायोलिनचा ताफा आला. यालाच नॅशव्हिल साउंड म्हणतात. मला तो आवडतो, पण माझा लेख त्या बदलाच्या आधीच्या गाण्याबद्दल होता. रीव्ह्जचा तो १९५३ चा आवाज मात्र यादीत यायला हवा होता.

आता त्या गाण्याबद्दल, ज्याने तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. हे लिहू की नको असा विचार बराच वेळ केला. काका, ते गाणं त्या दोघांनी एकत्र गायलेलं नाही. पॅट्सी क्लाइन ५ मार्च १९६३ ला विमान अपघातात गेली, जिम रीव्ह्ज ३१ जुलै १९६४ ला, तोही विमान अपघातातच, स्वतःचं छोटं विमान चालवत असताना. दोघांनी 'हॅव यू एव्हर बीन लोनली' हे गाणं आपापल्या वेळी, वेगवेगळं गायलेलं होतं, आणि १९८१ साली, म्हणजे दोघं जाऊन सतरा-अठरा वर्षं झाल्यावर, स्टुडिओत जुन्या टेपवरून नुसते आवाज उचलून एकमेकांशी जुळवले आणि मागे नवी साथ भरली. तुमचं पाणी खोटं होतं असं मी अजिबात म्हणत नाही, आवाज त्यांचेच आहेत. पण पॅट्सीने ती ओळ गाताना समोर जिम नव्हता, आणि तो थांबला तो तिच्यासाठी थांबला नव्हता. मला हे माहीत असणं महत्त्वाचं वाटतं, तारीख आणि नंबर यांच्या मागे मी लागतो ते एवढ्यासाठीच.

आणि हे एकच गाणं नाही हो. रीव्ह्ज गेल्यावर त्याने साधेपणी गाऊन ठेवलेल्या टेप्सवर नवीन वाद्यवृंद चढवून रेकॉर्ड्स निघतच राहिल्या, 'डिस्टंट ड्रम्स' अशीच, ती १९६६ साली इंग्लंडात पहिल्या नंबरवर होती. हँक विल्यम्सचंही तेच झालं, तो १ जानेवारी १९५३ ला वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी गेला आणि १९६६ मध्ये कंपनीने त्याच्या आवाजामागे व्हायोलिनं घालून आख्खी एलपी काढली. म्हणून फोनवर हँकचं गाणं लागलं आणि मागून गोड व्हायोलिनांची लाट आली की समजायचं, हँकने हे असं कधी ऐकलंच नव्हतं.

दुसरी फसगत पुन्हा गायलेल्या गाण्यांची. पूर्वी रेकॉर्डिंगवर हक्क कंपनीचा असायचा, गायकाचा नाही, त्यामुळे गायकाने कंपनी बदलली की नवी कंपनी म्हणायची तुझी गाजलेली गाणी आमच्यासाठी परत गा. जॉर्ज जोन्सने असं केलंय, इतर अनेकांनी केलंय. पंधरा वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका दुकानातून मी मोठ्या हौसेने जुन्या कंट्री गाण्यांची सीडी घेतली, वर मूळ कलाकार असं ठळक लिहिलेलं, आणि घरी आल्यावर मागे मुंगीएवढ्या अक्षरांत सापडलं की सगळी गाणी नव्याने रेकॉर्ड केलेली. आवाज थकलेला, ढोल कुठलेतरी वेगळेच, आणि मी आपला महिनाभर समजत होतो की हा गायक इतका काही खास नाही. एका माणसाबद्दल माझं मत चुकीच्या रेकॉर्डिंगवरून बनलं होतं, याची बोच अजून आहे.

स्ट्रीमिंगवर हे दोन्ही प्रकार सर्रास आहेत, आणि अ‍ॅपमध्ये गाण्यासमोर जे साल दिसतं ते पुष्कळदा नव्या पॅकिंगचं असतं. यूट्यूब ऐकू नका असं मी म्हणत नाहीये, तिथे कितीतरी संग्राहक मूळ तबकडी वाजवून, लेबलचा फोटो लावून गाणी टाकतात, ती बिनधास्त ऐका. फक्त नातवाला सांगा, आधी नुसतं नाव टाकू नकोस, सांता बार्बरा विद्यापीठाची जुन्या अमेरिकन रेकॉर्डिंग्जची ऑनलाइन सूची आहे, तिच्यात गायकाचं नाव टाक, गाणं कोणत्या दिवशी, कुठल्या गावात, कुठल्या नंबरने रेकॉर्ड झालं ते येतं, काही तिथेच ऐकायलाही मिळतात, मग त्या सालाचं रेकॉर्डिंग शोध. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा नॅशनल ज्यूकबॉक्स, म्हणजे जुन्या रेकॉर्डिंग्जचा ऑनलाइन संग्रह, फुकट आहे. स्मिथसोनियन फोकवेज, अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेची लोकसंगीताची कंपनी, तर मला देवळासारखी वाटते, १९८७ मध्ये त्यांनी फोकवेज कंपनीचा संग्रह घेतला तो एकही रेकॉर्ड बाजारातून जाऊ द्यायची नाही या अटीवर, आणि सोबतच्या माहितीच्या पुस्तिका साइटवर तशाच वाचता येतात. महागडे बॉक्स सेट म्हणालात ते जर्मनीच्या बेअर फॅमिली कंपनीचे, खरंय, मलाही परवडत नाहीत, माझ्याकडे एकच आहे, १९२७ च्या ब्रिस्टलचा.

ब्रिस्टलबद्दल थोडं सांगतोच, कारण घसा बसल्याचा मुद्दा तिथे येतो. टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरचं गाव, जुलैअखेर ते ऑगस्टची सुरुवात, व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीच्या राल्फ पीअरने टोप्यांच्या कंपनीच्या एका इमारतीत यंत्र मांडलं, दोन आठवड्यांत १९ गायक-वादक मंडळींची ७६ रेकॉर्डिंग्ज झाली. डोंगरातून कार्टर कुटुंब आलं, त्यांच्यातली मेबेल तेव्हा पोटुशी होती, आणि दोन दिवसांनी जिमी रॉजर्स गायला, ज्याला आधीच क्षय झाला होता. या लोकांनी गाणं शिकलं ते घराच्या ओट्यावर, चर्चमध्ये, खाणीत, तिथे गोड गळ्यापेक्षा लांबपर्यंत पोचणारा गळा हवा. रॉस्को होलकम केंटकीतल्या डेझी गावचा, कोळशाच्या खाणीत आणि बांधकामावर राबलेला, त्याच्या भागातल्या चर्चमध्ये वाद्य नसायचं, एकाने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती ताणून ताणून म्हणायची, ते सगळं त्याच्या गळ्यात आहे. तो कर्कश वाटतो हे कबूल. पण रात्री दिवा मालवून एकदा ऐका काका, तिसऱ्या-चौथ्या गाण्याला तो आवाज आपलं ऐकणं बदलतो.

माझ्या यादीतली खरी चूक मात्र तुम्हीही पकडली नाहीत, ती मीच सांगतो. कार्टर फॅमिलीतला ए. पी. कार्टर गावोगाव गाणी गोळा करत फिरायचा तेव्हा त्याच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक असायचा, ए. पी. शब्द लिहून घ्यायचा आणि चाल रिडल डोक्यात ठेवायचा. मेबेलही रिडलकडून शिकली. कार्टर फॅमिलीच्या तबकड्या जगभर गेल्या, रिडलची त्या काळातली एकही नाही. १९६५ मध्ये लोकसंगीताचा गायक-संग्राहक माइक सीगरने त्याला न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये शोधून काढलं, पुढची काही वर्षं त्याला रेकॉर्ड केलं, आणि ती सीडी राउंडर कंपनीने १९९३ मध्ये काढली, तोवर रिडल जाऊन बरीच वर्षं झाली होती. तसंच हँक विल्यम्सला गाणं शिकवणारा रुफस पेन, अलाबामाच्या रस्त्यांवर गाणारा, त्याचं तर काहीच ऐकायला मिळत नाही. कुठे मिळेल असा लेख लिहिताना जे कधीच मिळणार नाही त्याचाही उल्लेख हवा होता.

ठाण्यात बसून, हा तुमचा शेवटचा टोला. काका, सिडनीत जॉन एडवर्ड्स नावाचा एक तरुण होता, अमेरिकेत एकदाही गेला नाही. टपालाने रेकॉर्ड मागवायचा, जुन्या गायकांना पत्रं लिहून विचारायचा की त्या दिवशी बँजो कोणी वाजवला, कुठे वाजवला. १९६० च्या नाताळाच्या सुमारास मोटार अपघातात गेला, वय २८. त्याने लिहून ठेवलं होतं की संग्रह अमेरिकेत अभ्यासाला जावा, तसा तो गेला, आणि आज नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात लोकसंगीताचं जे मोठं दालन आहे त्याच्या पायाशी हाच संग्रह आहे. ज्या देशात ही गाणी झाली तिथले लोक त्या तबकड्या भंगारात देत होते तेव्हाची गोष्ट आहे ही. आणि आपल्याकडे १८९९ ते १९०८ मधल्या ग्रामोफोन रेकॉर्डिंग्जची यादी कोणी केली? मायकेल किनिअरने, तोही ऑस्ट्रेलियाचाच. लांबच्या माणसाला काळजी वाटू शकते काका, आणि कधीकधी त्याच्यामुळेच वस्तू टिकते.

तुमच्यासाठी एक सुचवतो. १९५१ मध्ये हँक विल्यम्स नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओवर सकाळी पंधरा मिनिटं मदर्स बेस्ट नावाच्या पिठाच्या कंपनीसाठी गायचा. दौऱ्यावर असला की आधीच तबकड्यांवर रेकॉर्ड करून ठेवायचे, त्या पुढे कचऱ्यात चालल्या होत्या, एका फोटोग्राफरने उचलून ठेवल्या, आणि कोर्टकज्जे होऊन २००८ पासून बाहेर आल्या. त्यात तो गप्पा मारतो, पिठाची जाहिरात करतो आणि मध्येच एखादं भजन असं गातो की अंगावर काटा येतो. बरोबरची माणसं खरोखर त्याच खोलीत आहेत. तुम्हाला ते आवडेल अशी माझी खात्री आहे.

आणि माझी एक विनंती. वडिलांच्या रेकॉर्ड पोटमाळ्यावर पडून आहेत असं तुम्ही शेवटी सहज लिहिलंय, त्या प्लीज खाली काढा आणि लेबलचे फोटो मला पाठवा, मध्यभागी लेबलच्या कडेला कोरलेला नंबर दिसेल असे. कुठलं रेकॉर्डिंग आहे ते मी शोधून देतो. उभ्याच ठेवा, एकावर एक रचू नका. आणि त्यातल्या ज्या जाड, जड, पडल्या की फुटणाऱ्या असतील त्या स्पिरिटने अजिबात पुसू नका, त्या लाखेच्या असतात, स्पिरिटने लाख विरघळते, नुसत्या मऊ कोरड्या फडक्याने खाचांच्या दिशेने हलकेच पुसा.