घागरीचं तोंड

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटला. निमित्त पुतण्याचं. तो नववीत आहे, चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा झाली आहे, आता पुढच्या इंटरमिजिएटला बसवायचं की नाही? वहिनींनी मला फोन करून हिशोबच मांडला. "भाऊजी, ए ग्रेड आली तर दहावीला सात मार्क. पाचशेत सात! त्यासाठी दोन महिने रोज संध्याकाळी क्लास? तेवढ्यात सायन्सचे तीन धडे होतात." ताईचं म्हणणं उलटं: अकरावीचा कटऑफ पॉइंटात अडकतो, सात मार्क कोण सोडतं? दादा नेहमीप्रमाणे गप्प. मग कुणीतरी आपल्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण फेकलं. ते खरं तर वहिनींच्याच बाजूचं निघालं. फाळके 1885 मध्ये मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले आणि त्यांचा पहिला चित्रपट आला 1913 मध्ये. अठ्ठावीस वर्षं! मार्कांच्या हिशोबानं बघितलं असतं तर क्लास पहिल्याच दिवाळीला बंद.

मी ह्यूस्टनला राहतो. नाशिकची पंचवटी सोडून सोळा वर्षं झाली. लांब बसून शहाणपण शिकवणं सोपं असतं, हे वहिनींनी त्या दिवशीही ऐकवलं. तरी बोलतो, कारण या भांडणात दोन्ही पक्ष एकाच बाजूचे आहेत. मार्कांच्या.

मी स्वतः इंटरमिजिएटला बी ग्रेड काढलेला माणूस. स्मरणचित्र म्हणजे दिलेल्या विषयावर आठवणीतून काढायचं चित्र. त्याची आमची तयारी ऐकण्यासारखी होती. एकच चित्र घोटायचं: पाठमोरी भाजीवाली, तिच्यापुढे दोन पाठमोरी गिऱ्हाइकं, मागे झाड. पाठमोरी अशासाठी की नाक-डोळे काढावे लागत नाहीत. हात टोपलीत, म्हणजे बोटं वाचली. विषय पावसाचा आला तर छत्र्या उघडायच्या, जत्रेचा आला तर मागे पाळणा उभा करायचा. स्मरण कसलं, तर क्लासमधल्या फळ्याचं. खरा भाजीबाजार गोदाघाटावर दर बुधवारी भरत होता. तिकडे वही घेऊन जायचं कुणाला सुचलं नाही.

स्थिरचित्राला मात्र घोकून भागत नसे. ड्रॉइंगच्या सरांनी तांबट आळीतून एक पोचे पडलेली घागर आणून टेबलावर ठेवली होती. घागरीचं तोंड गोल असतं, म्हणून मी गोल काढलं. ती सपाट टेबलावर ठेवलेली, म्हणून बुडाला सरळ रेघ मारली. सर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "तुला माहीत आहे ते काढतोयस. दिसतंय ते काढ." मग हात ताठ करायचा, पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि अंगठा सरकवत मोजायचं. मोजलं, तर तोंडाची उंची रुंदीच्या पावपटसुद्धा भरेना. चपटं लंबवर्तुळ. आणि बूड सरळ नाहीच, तोंडापेक्षा थोडं जास्तच गोलाईनं वाकलेलं. तीनदा खोडलं, कागदाचं साल निघालं. पण त्या दिवसापासून घरातलं एकही पातेलं मला पूर्वीसारखं दिसलं नाही. पुढे इंजिनियर झालो त्यात याचा वाटा आहे, असं म्हणायचा मोह होतो. म्हणत नाही, कारण त्याला काही पुरावा नाही.

या विषयात पुराव्याआधी जाहिरातच फार धावते. 1993 मध्ये अमेरिकेत कॉलेजच्या मोजक्या विद्यार्थ्यांना मोझार्टचं संगीत ऐकवलं. कागदाच्या घड्या ओळखण्यासारख्या कामात ते जेमतेम पंधरा मिनिटं थोडे पुढे गेले. एवढ्यावर तान्ह्या बाळांच्या सीडी खपल्या. आपल्याकडच्या क्लासच्या फलकांवर 'चित्रकलेने गणित सुधारते' दिसतं, ते याच जातीचं.

त्यापेक्षा आमच्या ह्यूस्टनचाच एक अभ्यास मला पटतो. 2019 मध्ये तो जाहीर झाला. बेचाळीस शाळा, दहा हजारांवर मुलं. कुठल्या शाळांना नाटक, संगीत, चित्र, नाच यांचे जादा अनुभव द्यायचे हे सोडत काढून ठरवलं, त्यामुळे मुळात चांगल्याच शाळा निवडल्या अशी शंका उरली नाही. त्या शाळांत बेशिस्तीच्या तक्रारी 3.6 टक्के-बिंदूंनी घटल्या, मुलांचं लेखन सुधारलं, दुसऱ्याबद्दलची कणव थोडी वाढली. गणित आणि वाचनाचे मार्क होते तिथेच राहिले. वहिनींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बघा, गणित नाहीच वाढलं." मी म्हटलं, पण कमीही झालं नाही ना?

टेक्सासात हायस्कूल पास व्हायला ललित कलेचं एक क्रेडिट घ्यावंच लागतं. बरीच पोरं बँडला जातात. इथे बँड म्हणजे फुटबॉलचा सख्खा भाऊ, शाळेच्या सामन्यांना तोच वाजतो. आपल्या 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला, शंभरावर मुलं असतील तर, कलेला शिक्षक आहे, पण अर्धवेळ. कायद्यानंच अर्धवेळ ठरवलेल्या विषयाचा तास पोर्शन राहिलेल्या गणिताच्या बाईंना गेला, तर दोष एकट्या बाईंना कसा द्यायचा?

म्हणून इकडे सगळं छान असंही नाही. माझी मुलगी बारा वर्षांची. स्वतःच्या चित्राबद्दल दहा मिनिटं बोलते: हा रंग का घेतला, हा कोपरा रिकामा का ठेवला. तिच्या बाई चित्राला हात लावत नाहीत, नुसतं विचारत राहतात. गेल्या मे महिन्यात नाशिकला आजीच्या स्वयंपाकघरात तिनं आणि पुतण्यानं तांब्या काढला. त्याचा तांब्या पाच मिनिटांत ओट्यावर बसला, कड झकास वळलेली. हिचा लोंबकळत होता. चिडून तिनं कागद चुरगाळला. इतकी वर्षं कुणी तिला डोळा मिटून मोजायला शिकवलंच नव्हतं. मग मी त्याला म्हटलं, आता तुझ्या मनातलं काहीतरी काढ. तो पेन्सिल धरून बसला आणि म्हणाला, "काका, विषय सांगा ना."

वहिनींना शेवटी एवढंच म्हटलं, परीक्षेला बसवा, पण क्लासचे निम्मे दिवस कापा आणि बुधवारी त्याला घाटावर सोडा. "आणि ग्रेड गेली तर?" त्या म्हणाल्या. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. परीक्षक घोटीव भाजीवालीलाच मार्क देत असेल तर ग्रेड जाऊही शकते, आणि ती माझी नाही, त्याची जाणार.

काल त्याचा फोटो आला. भाजीवाली समोरून काढली आहे, मेथीची जुडी सोडताना. डोळे वरखाली झालेत आणि एका हाताला बोटं सहा आहेत. खाली लिहिलंय, "काका, ती सारखी हलत होती."